ग्रामीण वीज सहकारी संस्था आणि मुळा-प्रवरेचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीज सहकारी संस्था म्हणजे नेमकं काय?

जे वीज वापरतात त्यांच्याच मालकीची वीज संस्था. साखर कारखाना ऊस घालणाऱ्यांचा, दूध संस्था दूध घालणाऱ्यांची, तशी ही वीज जाळणाऱ्यांची. कनेक्शन घेताना शेअर घ्यायचा, सभासद व्हायचं, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला जायचं, संचालक मंडळ निवडायचं. शेअर एक असो की पन्नास, मत एकच. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात हे कलम २७ मध्ये लिहिलेलं आहे.

या संस्था सहसा वीज तयार करत नाहीत. मोठ्या कंपनीकडून किंवा राज्य वीज मंडळाकडून ती घाऊक विकत घेतात आणि पुढे गावोगाव पोचवतात. सबस्टेशनपासून पुढचे खांब, तारा, डीपी, मीटर, वायरमन आणि वसुली हे सगळं संस्थेचं. साखर कारखान्यात सभासद माल आणून देतो आणि पैसे घेतो. इथे सभासद माल नेतो आणि पैसे देतो. त्यामुळे सभासदाने बिल थकवलं की तो स्वतःच्याच संस्थेचा कर्जदार होतो, आणि असे कर्जदार वाढले की संस्था घाऊक पुरवठादाराची कर्जदार होते. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा या वीज संस्थेची पुढची बरीचशी कथा या एका गोष्टीभोवती फिरते.

ही कल्पना मूळची कुठली?

एका जागेचं नाव सांगता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या खेड्यांत शेतकऱ्यांनी अशा हजारो लहान संस्था काढल्या. इटलीत आल्प्सच्या दऱ्यांमध्ये ओढ्यांवर चालणाऱ्या छोट्या वीजगृहांच्या सहकारी संस्था होत्या, आणि त्यांतल्या काही आजही चालू आहेत. भारतात आलेला नमुना मात्र अमेरिकेचा, म्हणून तिथली गोष्ट सविस्तर सांगावी लागते.

अमेरिकेसारख्या देशात शेतकऱ्यांना वीज संस्था का काढाव्या लागल्या?

कारण कंपन्या खेड्यात यायला तयार नव्हत्या. १९३० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या शहरांतल्या दहापैकी नऊ घरांत वीज होती आणि शेतांवरच्या दहापैकी जेमतेम एका घरात. कंपन्यांचा हिशेब सरळ होता. शहरात एका मैलाच्या तारेवर शेकडो ग्राहक मिळतात, शेतावर तीन-चार. कोणी मागितलीच वीज तर एका मैलाला दीड ते दोन हजार डॉलर खर्च सांगायचे, आणि तोही शेतकऱ्यानेच भरायचा.

अध्यक्ष रुझवेल्ट यांनी १९३८ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या बार्न्सव्हिल इथे एका वीज संस्थेच्या कार्यक्रमात स्वतःचा अनुभव सांगितला. ते उपचारासाठी त्याच राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या गावी राहायचे. तिथल्या छोट्या घराचं पहिलं वीजबिल आलं तेव्हा दर होता युनिटला १८ सेंट, न्यूयॉर्कजवळच्या त्यांच्या घरच्या दराच्या सुमारे चौपट. ग्रामीण विजेचा विचार त्या बिलापासून डोक्यात बसला, असं त्यांचं म्हणणं होतं. शेतावर मैलभर पाणी वाहणाऱ्या बाया त्याच्या कितीतरी आधीपासून हेच सांगत होत्या, पण पुढे अध्यक्ष झालेल्या माणसाच्या हातात बिल पडलं म्हणून गोष्ट पुढे सरकली हेही खरं.

११ मे १९३५ रोजी त्यांनी ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केलं आणि मॉरिस कूक त्याचे पहिले प्रमुख झाले. सरकारची अपेक्षा अशी की स्वस्त कर्ज मिळालं की खासगी कंपन्या पुढे येतील. कंपन्यांनी फारसा रस घेतला नाही. अर्ज आले ते शेतकऱ्यांच्या संस्थांचे. मिसिसिपी राज्यातल्या अल्कॉर्न काउंटीत अशी एक संस्था १९३४ मध्येच उभी राहिली होती, म्हणजे नमुना समोर होता. १९३६ मध्ये सिनेटर जॉर्ज नॉरिस आणि प्रतिनिधी सॅम रेबर्न यांच्या प्रयत्नांतून कायदा झाला आणि संस्थांना दीर्घ मुदतीचं, कमी व्याजाचं सरकारी कर्ज मिळण्याची कायमची सोय झाली. अनुदान नव्हतं, कर्ज होतं. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण कर्ज फेडायचं तर वसुली करावीच लागते.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांतच तिथल्या दहापैकी नऊ शेतांवर वीज पोचली होती.

कंपन्यांना न परवडणारी लाइन शेतकऱ्यांना कशी परवडली?

काही अंशी स्वस्त कर्जामुळे, पण जास्त करून लाइन वेगळ्या पद्धतीने टाकल्यामुळे. अभियंत्यांनी जास्त ताण सोसणारी तार वापरली, त्यामुळे दोन खांबांमधलं अंतर वाढलं आणि मैलामागे खांब कमी लागले. एका फेजची ७,२०० व्होल्टची साधी लाइन, खांबावर आडवा दांडा नाही, वर एकच तार. एकाच मापाचं सामान देशभर वापरल्याने खरेदी घाऊक झाली. मैलाचा खर्च हजार डॉलरच्या खाली आला.

बाकीचं सभासदांनी भरून काढलं. सभासदत्वाचे पाच डॉलर गोळा करायला शेतकरीच घरोघर फिरले. खांबांसाठी शेतातून जागा फुकट दिली. अनेक संस्थांत सभासद स्वतःच मीटर वाचायचे, आकडा लिहून संस्थेकडे पाठवायचे. हे मला फार बोलकं वाटतं. ज्या गावात माणूस स्वतःच्या मीटरचा खरा आकडा स्वतः कळवतो, तिथे संस्था सभासदांची आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

नफा झाला तर तो कोणाचा?

सभासदाचा. खर्च जाऊन उरलेली रक्कम, ज्याने जितकी वीज वापरली त्या प्रमाणात, त्याच्या नावावर जमा होते. काही वर्षं ती संस्थेचं भांडवल म्हणून वापरली जाते आणि मग परत केली जाते. अमेरिकेत आज अशा सुमारे ९०० संस्था आहेत आणि देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर त्यांच्या तारा आहेत.

भारतात ही कल्पना कधी आली?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस. १९६५ ते १९६७ या दुष्काळी वर्षांनी देशाला हादरवलं होतं. गावात दिवा लावणं हे उद्दिष्ट मागे पडलं आणि विहिरीवर पंप बसवणं पुढे आलं. राज्य वीज मंडळांकडे खेड्यांत लाइन टाकायला पैसा नव्हता. ग्रामीण पतपुरवठ्याचा आढावा घेणाऱ्या वेंकटप्पय्या समितीच्या शिफारशीवरून जुलै १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झालं.

त्याच सुमाराला अमेरिकी मदत संस्था आणि तिथल्या वीज सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सल्ल्याने देशात पाच प्रायोगिक संस्था निघाल्या: महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, कर्नाटकात (तेव्हाचं म्हैसूर राज्य) हुक्केरी, आंध्रात (आता तेलंगणात) सिरिसिल्ला, गुजरातेत कोडिनार आणि उत्तर प्रदेशात लखनौ. पुढे आणखी काही राज्यांत अशा संस्था झाल्या, पण ही चळवळ साखरेसारखी किंवा दुधासारखी कधीच पसरली नाही.

महाराष्ट्रात यासाठी श्रीरामपूर-राहुरीचाच भाग का निवडला?

नकाशा समोर ठेवला की उत्तर मिळतं. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे आले, त्यावर ऊस आला. खासगी साखर कारखाने आले, आणि १९५० मध्ये लोणीला शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना सुरू केला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या या पट्ट्यात शेअर, सभासद, ठराव, सर्वसाधारण सभा हे शब्द १९६९ पर्यंत शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेले होते. कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसरं कारण विहिरींचं. कालव्याच्या पाझराने विहिरींना पाणी होतं, पण ते उपसायला मोट किंवा डिझेलचं इंजिन. इंजिनाचा खर्च, आवाज, धूर आणि दर थोड्या दिवसांनी मेकॅनिकची वाट बघणं. बटण दाबलं की पाणी चालू, ही गोष्ट त्या काळच्या बागायतदाराला किती मोठी वाटली असेल याची आज कल्पना करणं अवघड आहे.

संस्थेचं मुख्य कार्यालय श्रीरामपूरला. कार्यक्षेत्रात श्रीरामपूर, राहुरी, आणि संगमनेर, नेवासा, राहाता या तालुक्यांतली मिळून सुमारे १८० गावं. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि स्वतःच्या जाळ्यातून वाटायची. चाळीस वर्षं या पट्ट्यात फ्यूज गेला की लोक मंडळाच्या नव्हे, 'मुळा-प्रवरा'च्या वायरमनला शोधायचे.

मग चूक कुठे झाली? संस्था आपल्या लोकांची होती ना?

संस्था आपल्या लोकांची होती, पण दर संस्थेच्या हातात नव्हता. माझ्या मते सगळ्या गोष्टीची गाठ इथे आहे.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात कृषिपंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर बिल सुरू झालं. त्यामागे व्यवहार होता. शेतात दूरवर विखुरलेले लाखो मीटर वाचायला माणसं कुठून आणायची? शेतकऱ्यालाही बरं वाटलं, ठरावीक रक्कम भरली की काम संपलं. पण वीज संस्थेच्या जागी बसून तोच व्यवहार बघा.

समजा पाच एचपीचा पंप आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे पाच एचपीला साधारण पावणेचार किलोवॅट. दिवसाला चार तास चालला तर १५ युनिट, आठ तास चालला तर ३०. उसाला पाण्याची ओढ असते तेव्हा तो आठ तासच चालणार. शेतकऱ्याचं बिल दोन्ही वेळा तेवढंच, कारण मोटरच्या पाटीवरचा एचपी बदललेला नाही. संस्था मात्र सबस्टेशनवर मंडळाच्या मीटरने वीज मोजून घेते. तिचं बिल दुप्पट. म्हणजे खरेदी युनिटवर आणि विक्री पाटीवर. त्यातून पाटीवर तीन एचपी आणि आत मोटर पाचची, हा प्रकार महाराष्ट्रात कुठल्याही गावात नवा नाही. मोटर जळाली, रिवाइंडिंग करून आणताना ताकद वाढवून आणली, नोंद जुनीच राहिली.

राज्य मंडळाला हा तोटा सोसायला मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातले कारखाने आणि शहरी ग्राहक होते. त्यांच्याकडून जास्त दर घेऊन शेतीचा दर खाली ठेवता येत होता. मुळा-प्रवरेकडे विकल्या जाणाऱ्या विजेचा मोठा वाटा शेतीचाच. ज्याच्याकडून जास्त घ्यावं असा मोठा गिऱ्हाईक तिच्या कार्यक्षेत्रात पुरेसा नव्हता. अमेरिकेतल्या ज्या संस्थेची नक्कल केली, तिथे बहुतेक ठिकाणी दर ठरवतं संस्थेचं संचालक मंडळ. आपण नमुना आणला आणि त्यातला हा भाग तिथेच ठेवला.

२०११ मध्ये नक्की काय घडलं?

संस्थेने मंडळाला द्यायची थकबाकी वर्षानुवर्षं वाढत गेली आणि व्याजामुळे तिचा डोंगर झाला. २००३ चा वीज कायदा आला. जून २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन वितरण महावितरणकडे गेलं, आणि थकबाकीचा वाद महावितरण विरुद्ध संस्था असा झाला. महावितरणचं म्हणणं, घेतलेल्या विजेचे पैसे द्या. संस्थेचं म्हणणं, घाऊक दर आणि शेतीच्या सवलतीची भरपाई यांत आमच्यावर अन्याय झाला. संस्थेच्या वितरण परवान्याची मुदत ३१ जानेवारी २०११ रोजी संपली. राज्य वीज नियामक आयोगाने त्या भागाचा परवाना महावितरणला दिला आणि १ फेब्रुवारीपासून त्या गावांना महावितरणची वीज सुरू झाली. मालमत्तेच्या वापराचा आणि देण्याघेण्याचा प्रश्न त्यानंतरही कायदेशीर लढाईत राहिला.

दोष संस्थेचा की सरकारचा?

हा प्रश्न विचारणारा बहुधा उत्तर ठरवूनच आलेला असतो. तरी सांगतो.

दराची कोंडी खरी होती, आणि ती संस्थेने तयार केलेली नव्हती. पण सगळं तिच्यावर ढकललं की सभासद नामानिराळे राहतात, ते मला मान्य नाही. आकडे टाकून वीज घेणारे बाहेरगावचे नव्हते. बिल थकवणारे सभासदच होते. थकबाकीदाराची लाइन तोडायला गेलेल्या वायरमनला संचालकाचा फोन यायचा आणि तो परत फिरायचा, हे सहकारातल्या कुठल्याही संस्थेत काम केलेल्या माणसाला ऐकून माहीत असतं. संचालकालाही पुढच्या निवडणुकीत त्याच दारात मत मागायचं असतं. साखर कारखान्यात उसाच्या पैशातून कर्ज कापून घेता येतं. वीज संस्थेकडे सभासदाचा कुठलाच माल नसतो. तिच्याकडे फक्त फ्यूज असतो. तो काढायची हिंमत लागते.

सिरिसिल्ला आणि हुक्केरी मग टिकल्या कशा?

दोन्ही आजही चालू आहेत. हुक्केरी तर बेळगाव जिल्ह्यात, संकेश्वरच्या पलीकडे, कोल्हापूर-गडहिंग्लजच्या लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. सिरिसिल्ला तेलंगणात, यंत्रमागांचं गाव. तिथे दर दिवशी ठरावीक तास माग चालतात, आणि मागवाल्याला वीज गेलेली परवडत नाही. असा ग्राहक हाताशी असणं कुठल्याही वीज संस्थेला मोठा आधार असतो.

मात्र त्यांना आदर्श म्हणून मखरात बसवण्याची घाई नको. शेतीच्या मोफत किंवा सवलतीच्या विजेची भरपाई त्यांनाही राज्य सरकारकडून मिळवावी लागते, आणि त्यांच्या संचालक मंडळाच्या निवडणुका विधानसभेसारख्या चुरशीच्या होतात. चुरस वाईट नाही. निदान कार्यालय कोणाचं आहे याची लोकांना आठवण राहते.

शेजारच्या देशांत काय झालं?

बांगलादेशने १९७७ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण मंडळ काढलं आणि त्याखाली पल्ली विद्युत समित्या उभ्या केल्या. आज त्या ८० आहेत आणि देशाच्या खेड्यांना वीज मुख्यतः त्याच देतात. मीटरशिवाय कनेक्शन नाही, हा नियम त्यांनी सुरुवातीपासून धरला. समित्यांवर मंडळाचा वचक मात्र इतका की सभासदाची मालकी बरीचशी कागदावर राहते. फिलिपिन्समध्ये अशा शंभरावर संस्था आहेत. नेपाळने २००३ मध्ये वेगळी वाट धरली: लाइनच्या खर्चाचा पाचवा हिस्सा गावाने उभा करायचा, बाकी सरकारने द्यायचा, आणि वाटप गावाच्या संस्थेने करायचं.

फ्रँचायझी आणि सहकारी संस्था एकच का?

नाही. भिवंडीत २००७ पासून आहे तशी फ्रँचायझी म्हणजे परवाना महावितरणचा, काम ठेकेदार कंपनीचं. ग्राहक तिथे ग्राहकच राहतो, त्याला मत नाही.

आज नवी वीज सहकारी संस्था काढता येते का?

कायद्यात वाट आहे. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५ ग्रामीण भागातल्या वितरणासाठी पंचायती, ग्राहक संघटना आणि सहकारी संस्थांचा उल्लेख करतं, आणि कलम १३ नुसार आयोगाच्या शिफारशीवर अशा संस्थांना परवान्यातून सूट देता येते. जुन्या धर्तीचं पूर्ण वितरण कोणी हातात घेईल असं मात्र मला वाटत नाही. खांब-तारा आता खेड्यांत जवळपास सगळीकडे महावितरणच्या आहेत.

नवी सुरुवात सौरपंपाच्या बाजूने झाली आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी गावात २०१५-१६ च्या सुमारास सहा शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी काढली. पंप चालवायला लागेल तेवढी वीज वापरायची आणि उरलेली एकत्र करून वीज कंपनीला विकायची. तिथे प्रत्येक युनिट मोजलं जातं, आणि पंप विनाकारण चालू ठेवणाऱ्याचं स्वतःचं उत्पन्न बुडतं. एचपीच्या बिलात जे उलटं झालं होतं ते या सहा जणांच्या शेतात सुलटं झालं. ऊसपट्ट्यातल्या तरुण शेतकऱ्यांनी तिथे जाऊन एकदा ते मीटर बघून यावेत असं मी आवर्जून सांगतो.

घरात मुळा-प्रवरेचा जुना शेअर दाखला सापडला आहे. त्याची किंमत काय?

परवाना जाणं आणि संस्था जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वितरणाचा परवाना नियामक आयोग देतो, संस्थेची नोंदणी सहकार खातं करतं. परवाना संपला म्हणून नोंदणी आपोआप रद्द होत नाही, आणि नोंदणी आहे तोवर सभासदत्व आहे. सभासद वारले असतील तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे त्यांचा हिस्सा नामनिर्देशित व्यक्तीच्या किंवा वारसाच्या नावे होतो. त्यासाठी मूळ दाखला, मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद घेऊन संस्थेच्या कार्यालयात अर्ज करा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. रक्कम लहान असेल. पण दाखल्यासोबत त्याच पिशवीत जुनी बिलं, सभेच्या नोटिसा, छापील वार्षिक अहवाल निघाले तर ते रद्दीत देऊ नका. कोणत्या साली किती पंप होते, किती युनिट घेतले, किती वसूल झाले, हे गावागावातल्या अशाच पिशव्यांतून गोळा करावं लागणार आहे.